बाई म्हणतात…

मुलांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर कल्पना करा.

डोंगरातलं एक तळं. दुपारचा सव्वा वाजलाय. ऊन नाही, पण उजेड भरपूर. काठाला वीस-बावीस माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात एक काळी डबी, आणि डबीतून निघालेली वायर एका कानात. कोणी कोणाशी बोलत नाही.

आणि सगळी एकदम हसतात.

मग सगळी एकदम डावीकडे बघतात.

मग… सगळी एकदम चालायला लागतात.

दिसलं? बरं. आता एवढं लक्षात ठेवा की हे घडलेलं आहे. भुताच्या गोष्टी मला आवडत नाहीत. त्यांतली भुतं रात्री बाराशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि माणसं इतकी बावळट असतात की आवाज आला रे आला की एकटी बघायला जातात. असल्या गोष्टी रचणाऱ्यांची मला कीव येते. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली आहे. थाप मारणारं पोर मला शेवटच्या बाकावरूनही कळतं. ही थाप नाही. हे माझ्यासमोर घडलं, दिवसाढवळ्या, आणि माझ्या नातीच्या बाबतीत घडलं.

तिचं वय तेव्हा नऊ. एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला खार म्हणतो.

सहलीची कल्पना माझी नव्हती. ती आमच्या व्याह्यांची, म्हणजे खारीच्या आईच्या वडिलांची. खार त्यांना अण्णा म्हणते. 'एका दिवसात तीन तळी, दोन धबधबे, अनुभवी गाईडसह' असं माहितीपत्रकावर छापलं होतं. एका दिवसात तीन तळी! तळं म्हणजे काय दुकान आहे, आत डोकावलं आणि पुढे निघालं? पण व्याह्यांना अशाच गोष्टी आवडतात. ते मोठ्या कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत आणि हे ते कोणाला विसरू देत नाहीत. कुठेही जायच्या आधी ते त्या जागेबद्दल सगळं वाचून येतात. मग तिथे पोचल्यावर त्यांना बघायला काही उरत नाही, फक्त सांगायला उरतं.

"मास्तर, झेपेल ना तुम्हाला?" बसमध्ये चढतानाच त्यांनी विचारलं.

"बसमध्ये बसायचंय ना? बसेन."

"बसायचं नाही, चालायचंय. आधी कान गेले, आता गुडघे. तुमचा एकेक अवयव राजीनामा देतोय हो."

खार खुदकन हसली. ती अण्णांच्या शेजारी बसली होती. आजोबा दोन असले की मुलं ज्याच्याकडे दुर्बीण असेल त्याच्याकडे बसतात. यात मुलांचा काही दोष नाही.

गाईडबाई पन्नाशीच्या होत्या. आडवा बांधा, पायात जाड बूट, हातात वाकड्या मुठीची लांब छत्री. त्यांनी सगळ्यांना त्या काळ्या डब्या वाटल्या. बाई छातीला लावलेल्या छोट्या माईकमध्ये बोलणार आणि आम्हाला ते कानात ऐकू येणार. म्हणजे ओरडायला नको, घोळका करून उभं राहायला नको.

"नीट ऐका, दोनदा सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "मी पुढे चालते. मागे वळून बघत नाही. मला मेंढरं राखायचा पगार मिळत नाही. तुम्ही मला शोधायचं नाही, आवाज ऐकायचा. आवाज स्वच्छ येतोय म्हणजे तुम्ही बरोबर वाटेवर आहात. खरखर आली म्हणजे चुकलात. मग जिकडे स्वच्छ ऐकू येईल तिकडे चालत यायचं. कळलं?"

"आणि सगळीकडूनच खरखर आली तर?" व्याह्यांनी विचारलं.

"तर घरी जायचं."

बस हसली. व्याही सोडून.

माझ्या डबीवर एकवीस नंबर होता. पण माझ्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं असतात. त्यावर ती वायर लावली की शिटी वाजते. मी डबी नुसती गळ्यात अडकवून ठेवली.

"मी सांगेन ना तुम्हाला आजोबा," खार म्हणाली. "बाई जे म्हणतील ते."

आणि तिने खरंच सांगितलं. पहिल्या तळ्यावर, पहिल्या धबधब्यावर, दुसऱ्या तळ्यावर ती पळत माझ्याकडे यायची आणि कानाशी तोंड आणून सांगायची.

"बाई म्हणतात, हे पाणी बर्फाचं आहे, हात घालू नका."

"बाई म्हणतात, या धबधब्याची उंची तीस माणसं एकावर एक."

"बाई म्हणतात, निळ्या जॅकेटवाल्यांना सांगते, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा."

निळं जॅकेट व्याह्यांचं होतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

बाकीच्यांबद्दल काय सांगावं! तळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि स्वतःचे फोटो काढायचे. मोठी टोपी घातलेल्या एक बाई होत्या, त्यांनी दुसरं तळं फक्त फोनमध्ये पाहिलं. दोन भाऊ होते, ते सगळा वेळ जेवणात काय असेल यावर बोलत होते. इतकं सुंदर पाणी, आणि त्याच्या काठाला ही माणसं. मला त्या पाण्याची दया येत होती.

तिसरं तळं सगळ्यांत वर आहे. समोर उभा कडा. डाव्या बाजूला तळ्याचं पाणी एका रुंद, गुळगुळीत खडकावरून वाहत जातं आणि काठावरून थेट खाली पडतं. तोच दुसरा धबधबा. तो वरून बघायचा नसतो. खाली उतरून बघायचा. वर लाकडी कठडा घातला आहे आणि त्यावर पाटी आहे.

तिथे जेवणाची सुट्टी झाली. बाईंनी माईक बंद केला, काढून पिशवीत टाकला आणि माझ्या शेजारी बाकावर बसून डबा उघडला.

"तुम्ही एकटेच शहाणे," मला म्हणाल्या. "कानात काही घालत नाही."

"नाइलाज आहे हो."

"तरी."

धुकं कधी आलं ते कळलं नाही. आधी समोरचा कडा गेला. मग पाण्याचा अर्धा भाग गेला. पक्षी मघापासून ओरडत होते…

ते थांबले.

माणसं काठाला विखरून जेवत होती. कोणी उभं, कोणी दगडावर. डबी मात्र सगळ्यांच्या गळ्यात होती आणि वायर कानात. काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

आणि ती सगळी एकदम हसली.

बाईंनी मान वर केली. "काय झालं?"

"तुम्ही काही बोललात का?" मी विचारलं.

त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसती पिशवीकडे मान हलवली. माईक आतच होता. त्याचा दिवाही बंद.

पुन्हा हशा. या वेळी टोपीवाल्या बाई सोडून सगळे. त्या खाली मान घालून उभ्या होत्या.

धुक्यातून खार पळत आली. डोळे चमकत होते.

"आजोबा, बाई कसली गंमत करतात! त्या टोपीवाल्या काकूंना म्हणाल्या, इतके फोटो कोणाला दाखवणार, घरी तर कुलूप आहे!"

गाईडबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. घास तसाच तोंडात.

"खारू," मी म्हणालो, "बाई तर इथे आहेत."

खारीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं, अशा नजरेनं.

"ह्या नाही आजोबा," ती म्हणाली.

"…बाई."

मग तिने कपाळाला आठी घालून कानावर हात ठेवला. "शी, इथे खरखर येते." आणि पळाली. जिकडे स्वच्छ ऐकू येत होतं तिकडे.

गाईडबाईंनी घाईघाईनं माईक काढून सुरू केला. "सगळ्यांनी बाकाकडे या. ताबडतोब बाकाकडे या." धुक्यातल्या सगळ्यांनी एकदम तोंड वाकडं केलं आणि कानावर हात ठेवला. त्यांना आमच्या बाईंची नुसती खरखर ऐकू येत होती.

आणि खरखर म्हणजे चुकीची वाट. सकाळी बाईंनीच शिकवलं होतं.

सगळी एकदम डावीकडे वळली. तिकडे तो गुळगुळीत खडक होता.

"अहो थांबा! तिकडे पाणी पडतं!" बाई ओरडल्या आणि छत्री घेऊन वरच्या वाटेनं धावल्या, पुढच्यांना अडवायला. मी खालून निघालो. मी धावलो असं लिहिणार होतो. पण मला धावता येत नाही. मी लंगडत गेलो.

कठड्याखालून वाकून माणसं पलीकडे जात होती. एकामागे एक, शिस्तीत. मी एकाचा दंड धरला. त्या जेवणवाल्या भावांपैकी एक. त्याने हसतहसत माझा हात झटकला. त्याच्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं बहुधा, कारण भाऊ हसत नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो आवाज एकेकाला निवडून टाकून बोलत होता. ज्याच्यावर पाळी आली तो मान खाली घालायचा, बाकीचे हसायचे. आणि पुढचं कोणाबद्दल, हे ऐकायला सगळे पुढे जात होते. मुलांनो, तुमच्या शाळेतही असा एखादा शिक्षक असेल. आमच्यात होते. एका मुलाला उभं करायचे आणि वर्ग हसवायचे. त्यांचा वर्ग नेहमी शांत असायचा आणि ते स्वतःला फार उत्तम शिक्षक समजायचे. मी त्यांच्याबरोबर कधी चहा घेतला नाही.

पाणी घोट्यापर्यंत आलं. बर्फासारखं. खडकावर शेवाळ. पाणी पडण्याचा आवाज माझ्या निकामी कानांनाही ऐकू येत होता, म्हणजे काठ जवळ होता.

समोर निळं जॅकेट दिसलं. व्याही. त्यांच्या हातात खारीचा हात. काठ त्यांच्यापासून पंधरा पावलांवर असेल. पलीकडे काही नव्हतं. नुसतं पांढरं.

मी खारीचा दुसरा हात धरला. व्याह्यांना पत्ताही लागला नाही. त्यांची बोटं आपोआप सुटली आणि ते पुढे गेले. मी खारीच्या कानातली वायर ओढून काढली आणि पाण्यात फेकून दिली.

सुटलो, असं मला वाटलं.

"बाई म्हणतात," खार म्हणाली, "पुढे या."

कानात काही नव्हतं. मी पाहिलं. मुलांनो, मी दोन्ही कान पाहिले.

ओढून आणायचं तर दोघंही घसरलो असतो. मग मला जे एकच काम येतं ते मी केलं.

"काय म्हणाल्या? मला ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "जवळ येऊन सांग."

तिने चेहरा वाकडा केला. पण आली, एक पाऊल. सकाळपासूनची सवय. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "पुढे या म्हणतात!"

मी एक पाऊल मागे सरकलो. "परत सांग. पाण्याचा आवाज फार आहे."

आणखी एक पाऊल. "पुढे या! किती वेळा सांगायचं?"

"आणि?"

"बाई म्हणतात, या म्हाताऱ्याला सोड. हा मठ्ठ आहे."

"असेल. सावकाश सांग. मठ्ठ माणसाला सावकाश सांगावं लागतं."

मी मागे. ती पुढे.

"बाई म्हणतात, याच्या तासाला मुलं झोपायची."

ते खरं होतं. दुपारच्या तासाला झोपायची. मी झोपू द्यायचो. पण हे त्या तळ्यावर कोणाला ठाऊक असणार?

"बरं. पुढचं वाक्य?"

"आजोबा, तुम्हाला कळतच नाही! बाई चिडल्यात."

"चिडू देत. तू नको चिडूस. पुढचं वाक्य सांग."

असं आम्ही किती वेळ करत होतो, सांगता येणार नाही. एकेक पाऊल, एकेक वाक्य. ती वाक्यं सगळी मी इथे लिहिणार नाही. त्यातलं एकही खोटं नव्हतं, एवढं सांगतो.

माझी पाठ कठड्याला लागली.

खार गप्प झाली. मान किंचित तिरकी करून ती ऐकत राहिली. बराच वेळ.

"आता काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"हे मला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

आणि मग…

सगळी माणसं आपापल्या जागी थांबली. कोणी घोट्याएवढ्या पाण्यात, कोणी पोटरीएवढ्या. एकमेकांकडे बघू लागली. मग कोणीतरी किंचाळलं, मग सगळीच. व्याही सगळ्यांत पुढे होते. एक पाय उचलून पुढचा दगड चाचपत होते, आणि पुढे दगड नव्हता. गाईडबाईंनी छत्रीची वाकडी मूठ त्यांच्या कॉलरमध्ये अडकवली आणि त्यांना मागे आपटलं.

कोणी गेलं नाही. टोपीवाल्या बाईंची टोपी तेवढी खाली गेली.

नंतरचं ऐकाल तर माणसांबद्दल तुमचं मत माझ्यासारखं होईल. दहा मिनिटांत ते सगळे कपडे पिळत तक्रार करत होते. जेवणवाल्या भावांपैकी थोरल्यानं विचारलं, दुसरा धबधबा आता खालून दाखवणार का, कारण तो पत्रकात आहे. कानात काय ऐकलं याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही. प्रत्येकाला आपल्याबद्दलचं आठवत होतं.

व्याह्यांनी बसमध्ये खुलासा केला. "साधी गोष्ट आहे. दुसऱ्या ग्रुपची फ्रिक्वेन्सी मिसळली. धुक्यात होतं असं."

"आज वर दुसरा ग्रुप नाही," गाईडबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "या आठवड्यात आपली एकच बस आली आहे."

"मग खालचा कुठलातरी असेल."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी ते काम सोडलं, असं मला नंतर कळलं. का, ते विचारायला मी फोन केला होता. "मी सकाळी नियम सांगायचे ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा शेवटी शेवटी मला माझाच आवाज ओळखीचा वाटेना." आणि फोन ठेवला.

पण मुलांनो, ही गोष्ट मी इतके दिवस कोणाला सांगितली नाही, ती तळ्यामुळे नाही. तळ्यावर मी जिंकलो असंच मला वाटत होतं. बसमध्ये खार माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं जेवढं जड असतं तेवढंच जड. श्वास गरम. मी मनात म्हणत होतो, आणली परत.

संध्याकाळी घरी पोचलो. माझा मुलगा आणि सून दारातच उभी.

"कशी झाली सहल?"

व्याही सोफ्यावर टेकले आणि सुरू झाले. धुकं आलं, लोक घाबरले, गाईड अगदीच कुचकामी, तेव्हा यांनीच कसं सगळ्यांना धीर देऊन मागे आणलं. खार टेबलापाशी दूध पीत होती.

तिने पेला खाली ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. पण सावकाश. प्रत्येक शब्द नीट मांडून ठेवल्यासारखा. "तुमच्या निरोपसमारंभाला साठ खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं नऊ आली. त्यातली दोन चहा वाटायला."

त्या समारंभाला घरचं कोणी गेलं नव्हतं. व्याह्यांनीच नको म्हटलं होतं. हॉल भरून गेला होता, असं ते आम्हाला सांगत आले होते. आणि खार तेव्हा पाळण्यात होती.

आधी माझा मुलगा नाकातून हसला. मग सून हसली, त्यांची स्वतःची मुलगी. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि मग मी हसलो.

मला थांबता येईना. व्याही त्या सोफ्यावर एकदम लहान दिसत होते. ओठ थरथरत होते. पाच वर्षांच्या पोराचे थरथरतात तसे. चाळीस वर्षं मी असल्या चेहऱ्याच्या मुलांना जवळ घेऊन बसलो होतो. आणि तिथे मी पोट धरून हसत होतो. आम्ही तिघंही. एकदम.

खार हसत नव्हती. मान किंचित तिरकी करून ती ऐकत होती.

मग ती हळूच माझ्याकडे वळली.